यंत्रणा दोन, टपाल एकच

एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी-शेजारी बसवता येतात. मशीन सुरू करताना यादी येते, हवी ती निवडायची. आता समजा, विंडोजमध्ये थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम उघडून तुम्ही एक पत्र अर्ध्यापर्यंत लिहिलंत, सेव्ह केलंत आणि मशीन बंद केलंत. पुन्हा सुरू करताना लिनक्स निवडलंत. मांडणी नीट केलेली असेल, तर तिथला थंडरबर्ड उघडताच अर्धं पत्र ‘ड्राफ्ट्स’मध्ये जसंच्या तसं हजर! सकाळी वाचलेली पत्रं वाचलेलीच दिसतात, ज्याला चांदणी लावली होती त्याची चांदणी शाबूत, पत्त्यांची वही तीच, पासवर्डसुद्धा पुन्हा विचारला जात नाही. मधे इंटरनेट नाही, दूरचा सर्व्हर नाही. जे काही आहे ते याच लॅपटॉपच्या डिस्कवर आहे.

हे वाटतं तितकं साधं नाही. दोन्हीकडच्या प्रोग्रॅमचं नाव थंडरबर्ड असलं, तरी ते दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. विंडोजमधली प्रोग्रॅमची फाइल उघडून तिचे पहिले दोन बाइट पाहिले तर तिथे ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरं सापडतात. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ती आद्याक्षरं. डॉसच्या काळात फाइलचा हा साचा त्यांनी घडवला आणि त्यांची सही आजही विंडोजच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या कपाळावर आहे. लिनक्सच्या प्रोग्रॅमची सुरुवात वेगळी: एक न छापता येणारा बाइट आणि त्यापुढे ई, एल, एफ. प्रोसेसर एकच, बेरीज-वजाबाकीच्या आज्ञा त्याच, तरीही मधे दुभाषा बसवल्याशिवाय एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे चालत नाही. एकमेकांच्या घरात पाऊलही टाकू न शकणारे हे दोन प्रोग्रॅम एकाच वहीत लिहितात आणि एकमेकांचं लिहिलेलं बिनचूक वाचतात.

सकाळ-दुपार दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेसारखंच हे. इमारत एक, बाकं तीच, फळा तोच. सकाळच्या मुलांची आणि दुपारच्या मुलांची गाठ कधी पडत नाही, पण फळ्यावर राहिलेलं गणित दुपारच्यांना दिसतं. फळ्यावरचं हे गणित नक्की कुठे आणि कसं लिहिलेलं असतं, ते पाहण्यासारखं आहे.

थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती मोझिलाने डिसेंबर २००४ मध्ये आणली. तुमचं जे काही तुमचं आहे, म्हणजे पत्रं, पत्ते, खात्यांची माहिती, फिल्टर, पासवर्ड, ते सगळं तो एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला म्हणतात प्रोफाइल. ‘हेल्प’ मेन्यूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडलं की हा फोल्डर उघडायचं बटण मिळतं. आत ‘मेल’ नावाचा फोल्डर, त्यात ‘लोकल फोल्डर्स’, आणि तिथे ‘इनबॉक्स’ नावाची एक फाइल. तिला पुढे टिंब नाही, एक्स्टेन्शन नाही. मेलमध्ये जो फोल्डर दिसतो तो डिस्कवर एक सलग फाइल असतो. दहा हजार पत्रं असली तरी फाइल एकच.

ही फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा, मात्र आधी थंडरबर्ड बंद करा आणि फाइलची प्रत काढून त्या प्रतीवरच हे करा. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला एक ओळ दिसते: इंग्रजीतलं ‘फ्रॉम’, त्यानंतर एक मोकळी जागा, मग एक आडवी रेघ आणि तारीख-वेळ. त्याखाली पत्राची शीर्षकं, मग मजकूर, मग एक कोरी ओळ आणि पुढच्या पत्राचं ‘फ्रॉम’. झालं! पत्र कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं हे ओळखायची एवढीच खूण. नवीन पत्र आलं की ते फाइलच्या शेवटी चिकटवायचं. या पद्धतीला ‘एमबॉक्स’ म्हणतात आणि ती १९७० च्या दशकातल्या युनिक्समधून आली आहे. इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत तिची नोंद व्हायला मात्र २००५ साल उजाडलं. आधी तीस वर्षं व्यवहार, मग कागद.

तुमच्या मनात लगेच प्रश्न येईल: पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर? मग एकाची दोन पत्रं होतील. त्यावरचा जुना तोडगा असा, की मजकुरातल्या तशा ओळीच्या आधी ‘पेक्षा मोठं’ हे गणिताचं चिन्ह टाकून द्यायचं. म्हणून कधी कधी जुन्या इंग्रजी पत्रांत ‘फ्रॉम’च्या आधी विनाकारण एक बाण दिसतो.

आता सगळ्यात देखणी गोष्ट. पत्राच्या शीर्षकांत ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे चार आकडे. न वाचलेल्या पत्रापुढे ००००. तुम्ही पत्र उघडलंत की तिथे ०००१ होतं. उत्तर दिलंत की त्यात २ मिळवायचे. चांदणी लावलीत की ४. वाचलेलं, उत्तर दिलेलं आणि चांदणी लावलेलं पत्र म्हणजे ०००७. पत्र काढून टाकलंत की ८ मिळवायचे. आकड्यांची जागा आधीच चार घरांची राखून ठेवलेली असल्याने खूण बदलली तरी फाइलची लांबी एका बाइटनेही बदलत नाही, पुढची हजारो पत्रं जागची हलत नाहीत. आणि हो, काढून टाकलेलं पत्रही तिथेच राहतं! फक्त त्याच्या कपाळी ८ ची खूण येते. ‘कॉम्पॅक्ट’ केलं की मगच ते खरोखर जातं. विंडोजमध्ये लावलेली चांदणी लिनक्समध्ये दिसते याचं रहस्य इतकंच, की ती चांदणी मुळात कुठल्याच यंत्रणेची नाही. ती साध्या अक्षरांत लिहिलेला ४ हा आकडा आहे.

मराठी पत्र या फाइलमध्ये कसं दिसतं? बहुतेक वेळा देवनागरी अक्षर एकही सापडत नाही. ई-मेलची जुनी वाहतूक साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली असल्याने बाकीचा मजकूर अनेकदा ‘बेस-६४’ या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत गुंफून पाठवला जातो. या पद्धतीत दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. आणि यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, बरोब्बर तीन बाइटांचं असतं. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला चार इंग्रजी अक्षरं, अगदी काटेकोर. त्यातही देवनागरीचे पहिले दोन बाइट जवळपास ठरलेले असल्याने चारांतली पहिली दोन अक्षरं नेहमी तीच येतात: आकडा ४ आणि मोठा ‘के’. तिसरं मोठं ‘एस’ किंवा मोठं ‘डब्ल्यू’. चौथं तेवढं बदलतं. ‘म’ हे अक्षर ४, के, एस आणि छोटं यू असं लिहिलं जातं. मराठी पत्राच्या मजकुराची सुरुवात ‘४-के-एस’ने झालेली दिसली, की न उलगडताही सांगता येतं, ही देवनागरी आहे. पुढे शब्दांमधल्या मोकळ्या जागेने घडी सरकते, आणि तीन जागा झाल्या की पुन्हा तीच अक्षरं जागेवर येतात. माझ्या मते संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा डोळ्यांनी पाहावं. आपली लिपी तिथे किती शिस्तीत ओळीने उभी असते!

यूटीएफ-८ जन्मली तीही मजेशीर जागी. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत केन थॉम्पसन यांनी ताटाखालच्या कागदावर तिची आखणी केली, रॉब पाइक सोबत होते. आज विंडोज आणि लिनक्स दोघांनाही ती कळते, म्हणूनच एकीकडे लिहिलेलं मराठी दुसरीकडे चौकोनांत बदलत नाही.

इनबॉक्सच्या शेजारीच त्याच नावाची, पण ‘एमएसएफ’ शेपटीची दुसरी फाइल असते. ती अनुक्रमणिका. कोणतं पत्र कितव्या बाइटवर सुरू होतं, विषय काय, कोणाचं, हे तिच्यात असतं, म्हणून यादी पटकन दिसते. ती बिघडली तर थंडरबर्ड बंद असताना पुसून टाकावी. प्रोग्रॅम मूळ फाइल वाचून नवी तयार करतो. पत्त्यांची वही आणि शोधासाठीचा साठा मात्र ‘एसक्यूलाइट’च्या फाइलींत असतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा छोटा डेटाबेस आहे आणि त्याची फाइल कोणत्याही यंत्रणेवरून कोणत्याही यंत्रणेवर नेली तरी तशीच उघडते. २०५० सालापर्यंत तो सांभाळण्याचा त्याच्या कर्त्यांचा इरादा त्यांनी जाहीर केला आहे. सॉफ्टवेअरच्या जगात इतक्या पुढची तारीख सहसा कोणी घेत नाही.

आणखी एक फाइल मला फार आवडते. ‘पर्सडिक्ट’ असं तिचं नाव. स्पेलिंग तपासताना जे शब्द तुम्ही ‘माझ्या कोशात घाला’ म्हणून सांगता, ते एका ओळीत एक असे तिच्यात साठतात. गावांची नावं, आडनावं, घरातल्यांची लाडाची नावं. विंडोजमध्ये शिकवलेला शब्द लिनक्सला आपोआप येतो.

इथवर सगळं सुरळीत वाटतं. खरी कसरत पुढे आहे, कारण हा फोल्डर ठेवायचा कुठे?

लिनक्स आपल्या फाइली बहुधा ‘एक्स्ट-४’ पद्धतीने ठेवतो. विंडोजला ती पद्धत स्वतःहून वाचता येत नाही. विंडोजची पद्धत एनटीएफएस, १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आलेली. तिचा पूर्ण आराखडा मायक्रोसॉफ्टने जाहीर केला नव्हता. तेव्हा लिनक्सवाल्यांनी काय करावं? डिस्कवरचे बाइट बघत, एखादी फाइल तयार करून काय बदललं ते तपासत, तो आराखडा त्यांनी बाहेरून उलगडला. कित्येक वर्षं लिनक्सला एनटीएफएस वाचता यायचं, पण बिनधास्त लिहिता यायचं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये साबोल्च साकाचिच यांच्या पुढाकाराने ‘एनटीएफएस-३जी’ची स्थिर आवृत्ती आली आणि लिहिणं भरवशाचं झालं. पुढे पॅरागॉन कंपनीने दिलेला ड्रायव्हर २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला. आज आपण डी ड्राइव्हवरचा फोल्डर लिनक्समधून सहज उघडतो, त्यामागे या लोकांची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात.

ड्रायव्हर दोन्ही पद्धतींत जे भाषांतर करतो, त्याचा एक नमुना पाहा. फाइल शेवटची कधी बदलली याची नोंद दोन्ही यंत्रणा ठेवतात, पण मोजायला सुरुवात वेगवेगळ्या दिवसापासून करतात. लिनक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. एनटीएफएस १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, शिवजन्माच्या २९ वर्षं आधीपासून! ग्रेगोरियन दिनदर्शिकेचं चारशे वर्षांचं चक्र त्या दिवशी सुरू होतं, म्हणून तो दिवस. शिवाय ते सेकंदाचे एक कोटी तुकडे करून मोजतं. दोन्ही आरंभांत ११ अब्ज ६४ कोटी ४४ लाख ७३ हजार ६०० सेकंदांचं अंतर आहे. लिनक्समधून एनटीएफएसवरच्या पत्राला हात लावला की दर वेळी ही वजाबाकी-बेरीज होते आणि आपल्याला फक्त ‘आज सकाळी’ एवढं दिसतं.

फाइलींच्या नावांचंही तसंच. ‘श्री’ या एका अक्षरात संगणकाच्या हिशेबी चार चिन्हं आहेत: श, पायमोडी, र आणि दीर्घ वेलांटी. एक्स्ट-४ वर फाइलचं नाव २५५ बाइटांपेक्षा मोठं चालत नाही, आणि तिथे ‘श्री’ बारा बाइट खातं. एनटीएफएसची मर्यादाही २५५ चीच, पण ती बाइटांची नसून दोन-दोन बाइटांच्या घरांची आहे, आणि तिथे ‘श्री’ला चारच घरं लागतात. म्हणजे निव्वळ देवनागरी नाव एकीकडे ८५ चिन्हांत आटपावं लागतं, दुसरीकडे २५५ पर्यंत पसरता येतं. त्यातून ‘वाऱ्यावर’मधला ऱ दोन प्रकारे टाइप होऊ शकतो, एकाच चिन्हाने किंवा र आणि खालचा नुक्ता मिळून. डोळ्यांना सारखंच, पण या दोन्ही यंत्रणांना ती दोन वेगळी नावं वाटतात. इंग्रजीतही धोके आहेत: लिनक्सला मोठ्या ‘आय’चा इनबॉक्स आणि छोट्या ‘आय’चा इनबॉक्स या दोन फाइली वाटतात, विंडोज सहसा दोन्हींना एकच समजतं. डॉसच्या काळापासून काही नावं, उदाहरणार्थ ‘कॉन’ किंवा ‘ऑक्स’, यंत्रांच्या जोडण्यांसाठी राखीव आहेत. लिनक्स तसं नाव खुशाल देईल आणि विंडोज त्या फाइलपाशी अडखळेल. मेलमधले फोल्डर हवे तितके मराठीत ठेवा, प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव मात्र साधं, इंग्रजी, छोट्या लिपीतलं असू द्या.

मग हा फोल्डर ठेवायचा कुठे? एफएटी-३२ या जुन्या पद्धतीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, दोघांनाही चालतं, पण त्यावर एक फाइल ४ जीबीपर्यंतच वाढू शकते, आणि फोटो-पीडीएफनी भरलेला इनबॉक्स तिथवर पोचायला वेळ लागत नाही. तेव्हा वेगळं एनटीएफएस पार्टिशन हाच माझ्या मते सरळ मार्ग.

आता या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका, आणि तो नीट समजून घ्यायलाच हवा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तुम्ही ‘शट डाउन’ म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण विझत नाही. त्याची त्या क्षणाची स्मृती डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये उतरवली जाते आणि पुढच्या वेळी तिथून उचलली जाते. म्हणून मशीन झटकन सुरू होतं. त्या स्मृतीत डिस्कचा नकाशाही असतो: कोणती फाइल कुठे, कोणती जागा रिकामी. आता विंडोज झोपलेलं असताना लिनक्स उठतो, इनबॉक्समध्ये चार पत्रं वाढवतो, रिकाम्या जागा वापरतो. सकाळी विंडोज जागं होतं ते कालचाच नकाशा हातात घेऊन. त्याच्या लेखी त्या जागा अजून रिकाम्याच! ते त्यांवर लिहायला लागतं. पत्रं एकमेकांत मिसळतात, फाइली गायब होतात, आणि दोष कोणाचा हे शोधूनही कळत नाही, कारण दोन्ही यंत्रणा आपापल्या परीने बरोबर वागलेल्या असतात.

एनटीएफएस-३जीला विंडोज झोपलेलं आहे हे डिस्कवरच्या खुणांवरून ओळखता येतं. अशा वेळी ते पार्टिशन लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं, फार तर वाचू देतं. मग थंडरबर्डला ‘प्रोफाइल वापरात आहे’ असं सांगणारी आपली कुलूप-फाइल तिथे लिहिता येत नाही आणि तो नीट उघडत नाही. लोक वैतागतात, जबरदस्तीने उघडायचे उपाय शोधतात. कृपा करून तसं करू नका. तो नकार तुमची पत्रं वाचवत असतो.

यातली आश्चर्याची गोष्ट अशी, की ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज पूर्ण बंद होऊन नव्याने उठतं, आणि ‘शट डाउन’ केलं तर अर्धवट झोपतं. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पर्यायांत त्याची खूण काढता येते, किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, जागा, स्लॅश आणि एच, जागा, ‘ऑफ’ ही आज्ञा देता येते. दोन यंत्रणांच्या मशीनवर ही पहिली पायरी आहे, बाकी सगळं नंतर. लिनक्सला हायबरनेट करून, म्हणजे असंच झोपवून, विंडोजमध्ये जाण्यातही तोच धोका आहे.

घड्याळाचा घोळ त्या मानाने निरुपद्रवी, पण आपल्याकडे तो ठळकपणे जाणवतो. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं. विंडोज त्यातली वेळ स्थानिक मानतं, लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ मानतो. भारतात दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर. लिनक्समध्ये काम करून सकाळी दहाला विंडोजमध्ये गेलात तर तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात! इंटरनेट जोडल्यावर घड्याळ काही वेळात सुधारतं, पण तोवर पाठवलेल्या पत्रावर चुकीची वेळ पडते आणि ते यादीत भलत्याच जागी जाऊन बसतं. दोघांतल्या एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची पद्धत नाही, त्यामुळे लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावलं तरी फारसं बिघडत नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र विंडोजलाच जागतिक वेळ मानायला लावावं, नाहीतर वर्षातून दोनदा दोन्ही यंत्रणा तोच एक तास सरकवायला धावतात.

पत्त्यांचा प्रश्न थंडरबर्डने आधीच शहाणपणाने सोडवला आहे. एकच फोल्डर विंडोजला ‘डी’ ड्राइव्हवर दिसतो, लिनक्सला ‘एमएनटी’सारख्या एखाद्या फोल्डरच्या आत, एकीकडे तिरकी रेघ डावीकडे कलते, दुसरीकडे उजवीकडे. प्रोफाइलच्या आत प्रत्येक टपालपेटीचा पत्ता दोनदा लिहिलेला असतो, एकदा पूर्ण आणि एकदा ‘या प्रोफाइलच्या आत अमुक ठिकाणी’ असा. प्रोग्रॅम आधी दुसरा पत्ता धरतो. त्यामुळे अख्खा फोल्डर कुठेही उचलून ठेवला तरी आतली मंडळी एकमेकांना सापडतात. ‘प्रोफाइल्स’ नावाची जी छोटी फाइल फोल्डरचा ठावठिकाणा सांगते, ती मात्र प्रत्येक यंत्रणेची स्वतंत्र, आणि तशीच राहायला हवी. अटॅचमेंट कुठे उतरवायच्या, प्रिंटर कोणता, अशा काही सेटिंग्जमध्ये गडबड होते. ती सहन करण्यासारखी आहे.

आवृत्तीचं मात्र सहन करण्यासारखं नाही. नवी आवृत्ती प्रोफाइल उघडते तेव्हा आतल्या काही फाइलींची रचना बदलू शकते, जी जुनीला समजणार नाही. म्हणून थंडरबर्ड शेवटच्या आवृत्तीचा क्रमांक प्रोफाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि त्याहून जुन्याने उघडायचा प्रयत्न केला तर अडवतो, नवं प्रोफाइल करा म्हणतो. घाबरून नवं प्रोफाइल केलंत तर मेल रिकामा दिसेल आणि सगळं गेलं असं वाटेल. गेलेलं काही नसतं. मागे पडलेल्या बाजूचा थंडरबर्ड अपडेट करायचा, की झालं. लिनक्सच्या काही वितरणांत थंडरबर्ड बंदिस्त पेटीत बसवलेला येतो. त्याला दुसऱ्या पार्टिशनला हात लावायची परवानगी वेगळी द्यावी लागते.

कोणी विचारेल, पत्रं जीमेलवरच ठेवली तर एवढा खटाटोप कशाला? ज्यांची सगळी पत्रं सर्व्हरवर आहेत त्यांना खरंच गरज कमी आहे. पण पीओपी या पद्धतीने घरी उतरवलेली वीस वर्षांची पत्रं, कुणाच्या तरी जाण्यानंतर उरलेला पत्रव्यवहार, संपादकांशी झालेली देवाणघेवाण, कोर्टकचेरीची कागदपत्रं ज्यांच्या डिस्कवर आहेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न मोठा आहे. १९९७ च्या नेटस्केपमध्ये साठवलेली पत्रं आजच्या थंडरबर्डमध्ये उघडतात, कारण तीही याच ‘फ्रॉम’ ओळींच्या साध्या फाइलींत होती. नेटस्केप संपलं, पत्रं राहिली. कोणत्याही कंपनीच्या आयुष्यापेक्षा आपली पत्रं जास्त टिकायला हवीत, आणि ती टिकू शकतात हे इथे दिसतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

एक सावधगिरी. पासवर्ड ज्या किल्लीने बंद केलेले असतात ती किल्लीही याच फोल्डरमध्ये असते. सामायिक पार्टिशनवर हा फोल्डर कोणाच्याही हाती लागू शकतो. म्हणून थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ जरूर लावा.

करायचं ठरवलंत तर क्रम असा ठेवा. आधी प्रोफाइलची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. मग फास्ट स्टार्टअप बंद करा. मग प्रोफाइल नव्या पार्टिशनवर हलवून थंडरबर्ड ‘वजा, मोठा पी’ या पर्यायासह सुरू करा. प्रोफाइल निवडायची खिडकी उघडेल, तिथे नवं प्रोफाइल करताना हाच फोल्डर दाखवा. लिनक्समध्येही तेच. दोन्हीकडची आवृत्ती एकच आहे ना, हे ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये तपासून घ्या, आणि महिनाभर सगळं नीट चालल्याशिवाय जुनी प्रत पुसू नका.